शेवटचं आमेन

बसा. पंखा बंदच असू दे, आवाज नको वाटतो मला.

एप्रिलातली दुपार होती. भाकरी अन् शेंगाचटणी घेऊन मी सोनाबाईकडे, माझ्या धाकट्या भावजयीकडे निघाले. रुपाली, तिची एकुलती पोर, तापानं गेली तेव्हापासून तिनं चूल पेटवलीच नव्हती. भाऊ ट्रकवर. घरी ती एकटी.

चर्चच्या पाळकांनी तिला ध्यान शिकवलं होतं. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, प्रभू तिथं बसलाय असं समजायचं, शुभवर्तमानातला एखादा प्रसंग डोळ्यांपुढं आणायचा, अन् शेवटी आमेन म्हणून उठायचं. पण ही बाई उठतच नव्हती. याईराच्या मेलेल्या लेकीचा हात धरून प्रभू तिला उठवतो, तोच प्रसंग घेऊन बसायची.

"आमेन म्हण अन् जेव," मी दारातूनच म्हणाले. मी अशी फटकळच.

"न्हाय अक्का. आमेन म्हणलं की संपतं. प्रभूनं तिचा हात धरलाय... मधीच कशी उठू?"

मला राग आला, रडूही आलं. शेजारी बसले, डोळे मिटले. रुपालीचं आमेन आठवलं. सगळ्यांचं झालं की ती मागाहून, लांबवून म्हणायची. शेवटचं तिचंच हवं, असा हट्ट. मी दटावायचे तिला.

बाहेर यंत्रमाग खडखडत होते. अचानक वीज गेली. माग थांबले, पंखा थांबला. भर दुपारी सोलापुरात इतकी सामसूम मी कधी ऐकली नव्हती. मग बामाचा वास आला. आजारपणात रुपालीच्या कपाळाला चोळायचो, तोच. समोरची खुर्ची करकरली...

हे संपावं म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "आमेन!"

सोनानंही म्हटलं, हुंदका देत. अन् मग, माझ्या अगदी कानाशी, लांबवलेलं... "आऽऽमेन..."

सोना खुर्चीकडं बघत होती. "संपलं की वो अक्का. माजी पोर काय बोलली बी न्हाय."

तिला ऐकूच आलं नव्हतं. मी काय सांगणार? भाकरी तिच्यापुढं सरकवली. त्या दिवशी ती अर्धी भाकरी जेवली. हळूहळू सावरली. आता तर चर्चलाही जाते.

मी मात्र घरी ताटावर बसून आमेन म्हटलं, की मागून उत्तर येतं. जी आई हाका मारून वाळली तिच्याकडं नाही, दटावणाऱ्या आत्याकडं आली पोर. माझं काळीज तुटतं.

काल सोना जेवायला आली होती. मी प्रार्थना केली अन् थांबले. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बामाचा वास येत होता.

"अक्का, आमेन म्हणा की," सोना म्हणाली. "भाकरी गार व्हायली."

म्हटलं की संपणार, पोर आईच्या शेजारून उठणार. मी अजून म्हटलेलं नाही.