आधी दार वाजवा

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. कुणाच्या मावसभावाच्या मित्राकडून ऐकलेली नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझ्या नवऱ्यानेही अजून ठेवलेला नाही आणि तरी आमचा संसार चालू आहे.

महिन्याची आठ तारीख. मंगळवार. दुपारचे तीन.

भुतं रात्री येतात म्हणतात ना? आमच्याकडे भर उन्हात आलं. तीन लोकांबरोबर, जिना चढून, घर बघायला.

आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देणं, पँटी आखूड करणं, चेन बदलणं, हे माझं काम. आतल्या खोलीत माझे सासरे. नवरा जहाजावर, इंजिनात. वर्षातले आठ महिने पाण्यावर. म्हणजे घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा.

बाबांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. किल्ली नुसती बोटांनी चाचपून ती कपाटाची की दाराची ते सांगायचे. "किल्ली कुणाकडे आहे ते सांग, मग मी सांगतो घर कुणाचं," असं त्यांचं नेहमीचं बोलणं.

आणि आमच्या घराची दुसरी किल्ली घरमालकाकडे होती.

जिन्यात पाय घसरून बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ते पलंगाला खिळले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी तळमजल्यावरचं एक घर शोधलं. ते तीस तारखेला रिकामं होणार होतं. घरमालकाला महिनाभर आधी रीतसर कळवलं.

ते आमचं चुकलंच.

दुसऱ्या दिवसापासून तो नवे भाडेकरू आणायला लागला. त्याचा फोन यायचा, "वहिनी, आलोच." आणि 'आलोच' म्हणेपर्यंत दारात किल्ली फिरलेली असायची. आम्ही त्याचं नावच 'आलोच' ठेवलं होतं. कधी सकाळी, कधी जेवताना. लोक माझ्या ओट्यावरून बोट फिरवायचे, कपाट उघडून माझे कपडे बाजूला सारायचे, नळ सोडून बघायचे. मी सांगून पाहिलं, वेळ ठरवून या, आधी विचारा.

"वहिनी, घर माझंच आहे ना? परक्यासारखं काय विचारायचं?"

आणि किल्ली खिशात टाकून निघून जायचा.

तर त्या मंगळवारी मी बाबांचं अंग पुसून देत होते. कोमट पाण्याचं घमेलं, टॉवेल. ते पाठ माझ्याकडे करून कुशीवर झोपले होते. अंगावर काही नव्हतं. एवढा ताठ माणूस, पण त्या वेळी डोळे मिटून घ्यायचे आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत राहायचे. मला संकोच वाटू नये म्हणून. की स्वतःला वाटू नये म्हणून, कोण जाणे.

खोलीचं दार धाडकन उघडलं.

"आणि ही आतली खोली. हवा छान येते."

आलोच. मागे एक नवराबायको. त्यांच्यामागे एक बाई, वयस्कर, राखाडी कोट घातलेली. नवराबायकोने झटकन माना वळवल्या. बिचारे लाजले. ती बाई मात्र लाजली नाही. ती आत आली. भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग बाबांच्या पलंगाकडे. डोक्यापासून पायापर्यंत. अगदी सावकाश.

मी टॉवेल टाकला बाबांच्या अंगावर आणि ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. आलोच सगळ्यांना घेऊन पळाला.

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. रात्री जेवणाचं ताट घेऊन गेले तर म्हणाले, "सूनबाई, हाड मोडलं तेव्हा मी रडलो नव्हतो."

मला भडभडून आलं. त्याच दिवशी ठरवलं, बाबांना असं पुन्हा कुणी बघणार नाही. मग काहीही होवो.

दुसऱ्या दिवशी मी घरमालकाला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. "आणि त्या नवऱ्याच्या आईला सांगा, दुसऱ्याच्या घरात जरा खाली बघून चालावं."

"कोणाची आई?"

"राखाडी कोटवाली."

"वहिनी, दोघंच होते. नवरा आणि बायको."

मला वाटलं, थापा मारतोय. थापा मारणं त्याच्या हाडीमासी भिनलेलं होतंच.

पण मग मी आठवायला लागले... दार लावायला गेले तेव्हा जिन्यावर मी तिघांचीच पाठ पाहिली होती.

त्या दुपारी मी मशीनवर होते. तीन वाजले असतील. आतून आवाज आला...

सर्रर्र... टक्.

मी पाय थांबवला. मशीन बंद. पुन्हा शांत.

थोड्या वेळाने... सर्रर्र... टक्.

आत गेले. बाबा जागे होते, छताकडे बघत.

"मोजपट्टी आहे," ते हळूच म्हणाले. "तुझी कापडाची नव्हे. स्टीलची. ओढली की सर्र होते, सोडली की आपोआप आत जाते."

"आपल्याकडे स्टीलची आहे कुठे?"

"नाहीच," बाबा म्हणाले.

नंतर रोज. तीनच्या सुमारास. पहिल्या दिवशी खिडकीपाशी. दुसऱ्या दिवशी भिंतीकडेने. तिसऱ्या दिवशी आवाज कपाटापासून निघाला आणि पलंगाशी थांबला. मी तिथेच उभी होते. दिसत काहीच नव्हतं. फक्त चादरीचा कोपरा जरासा दबला... आणि पुन्हा सरळ झाला.

मी कुणाला सांगणार? नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "पाइपात हवा असेल." जहाजावरचा माणूस, त्याला सगळीकडे पाइपच दिसतात.

बाबांनी मात्र वेगळाच विचार केला होता. रविवारी म्हणाले, "माझी पेटी काढ."

त्यांच्या पेटीत एक जुना पितळी बोल्ट होता, वीतभर लांब. दाराला आतून लावायचा. बाहेरून त्याला काही इलाज नाही, ना किल्ली ना फट. बाबा पडल्या पडल्या सांगत गेले, मी त्यांच्या खोलीच्या दाराला तो बसवत गेले. "अर्धा फेरा मागे घे. आता तेलाचा थेंब. तिथे नाही गं, शिंपीणबाई, खाचेत!" त्या तासाभरात ते कितीतरी दिवसांनी हसले. बोल्ट लोण्यासारखा सरकत होता.

"आता येऊ दे कोण येतं ते," मी म्हणाले.

पावणेतीनला मी गरम पाणी घेतलं, आत आले आणि बोल्ट लावला. बाबांचा शर्ट काढला. जिवाला कसं शांत वाटलं.

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. बाहेरचा आत येऊ नये म्हणून आम्ही दार बंद केलं होतं... पण जी मंगळवारी आत आली होती, ती बाहेर गेलीच नव्हती.

सर्रर्र... टक्.

अगदी जवळ. पलंगाच्या डोक्याशी.

मी बोल्टला हात घातला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना. तासापूर्वी लोण्यासारखा सरकणारा बोल्ट भिंतीत चिणल्यासारखा बसला होता. नख मुळापासून तुटलं, रक्त आलं.

"बाबा, अडकलाय!"

"माझा बोल्ट अडकत नाही," बाबा म्हणाले.

मी दार बडवलं. खिडकीतून हाका मारल्या. समोरच्या गच्चीवर एक माणूस कपडे वाळत घालत होता, त्याने मानही वळवली नाही. माझा फोन मशीनवर राहिलेला. त्या दिवशी, देवाशपथ, मी आलोचची वाट बघितली. येऊ दे मेला, लाथ मारून दार तोडू दे. पण बाहेरच्या खोलीत काही चाहूल नव्हती. नेहमी ऐकू येणारे जिन्यातले आवाज नाहीत, रस्त्यावरचे हॉर्न नाहीत. सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं.

सर्रर्र...

या वेळी 'टक्' झालं नाही.

बाबांच्या कपाळावरचे केस दबले. मग उघड्या छातीवर एक बारीक, सरळ रेघ उमटली. कातडीत रुतलेली. छातीवरून पोटावर, पोटावरून खाली सरकत चाललेली. पट्टी ताणून धरावी तशी. मी टॉवेल टाकला त्यांच्यावर. रेघ टॉवेलवर उमटली.

ती बाबांना मोजत होती.

मी रडायला लागले. बाबा रडले नाहीत. त्यांनी टॉवेल छातीशी नीट ओढून घेतला, घसा खाकरला आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसे बोलले.

"बाई, ही खोली अजून आमची आहे. तुम्हाला बघायचं असेल तर अशी ही रीत नव्हे. आधी दार वाजवा. विचारा. हो म्हटलं तरच आत या."

टॉवेलवरची रेघ हळूहळू विरली.

टक्.

बोल्ट आपला आपण सरकला.

मी बाबांना चादरीत गुंडाळलं. शेजारच्या जिमवाल्याला बोलावलं, आणि आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट तीन मजले उतरवलं. नणंदेकडे गेलो, ते सामान न्यायलाही मी त्या घरात परत पाय ठेवला नाही. मजूर पाठवले.

दुसऱ्या दिवशी आलोचचा फोन आला. "वहिनी, काल बाबांना घेऊन कुठे गेला होतात?"

"का?"

"तीनला आलो होतो मी, एक पार्टी घेऊन. घर रिकामं. आतली खोली सताड उघडी, पलंगावर कोणी नाही. म्हटलं, मोडका खुबा घेऊन म्हातारा गेला कुठे?"

तीन वाजता आम्ही त्याच खोलीत होतो. मी दार बडवत होते.

मी फोन ठेवून दिला. बाबांना हे आजतागायत सांगितलेलं नाही.

तीस तारखेला तळमजल्यावर राहायला आलो. घर छान आहे. घरमालकीण शिक्षिका आहेत, आधी निरोप धाडल्याशिवाय फाटकातही येत नाहीत. मी म्हटलं, सुटलो.

पहिल्याच दुपारी, तीन वाजता, मी मशीनवर होते. बाबांच्या खोलीचं दार माझ्या अगदी समोर. बंद. दारापाशी कोणी नाही...

टक टक.

दार वाजलं. माझ्या डोळ्यांदेखत. कुणीही नसताना.

आतून बाबांचा आवाज आला, "आत्ता नको."

मग शांत.

तेव्हापासून रोज. सात महिने झाले. रोज तीनला दोनदा टकटक, रोज बाबांचं "आत्ता नको." बाबा हसून म्हणायचे, "आलोचपेक्षा शहाणी आहे बघ. विचारते तरी."

मला हसू येत नाही. रीत बाबांनीच घालून दिली आणि ती पाळतेय. पण विचारायला ती रोज येणार, आणि नाही म्हणायला रोज कुणीतरी जागं हवं. दुपारची डुलकी बाबांनी केव्हाच सोडली. मी तीनच्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही. एकदा तापात ते ग्लानीत होते, तेव्हा मशीनवरूनच मी ओरडले, "आत्ता नको!" चाललं तेवढ्याने. पण बाबा म्हणाले, "तू बोलू नकोस मध्ये. तिला तुझा आवाज कळायला नको."

बाबा आता थकलेत. हाड जुळलं, पण माणूस उभारी धरत नाही. खाणं कमी झालंय. मी अंग पुसते तेव्हा आता गोष्टी सांगत नाहीत. मध्येच म्हणतात, "किती दिवस सूनबाई, माझ्यापायी अशी बांधलेली राहणार?"

मी म्हणते, "गप्प बसा हो बाबा."

काल तीनला दार वाजलं. मी मशीन थांबवलं.

आतून काहीच आलं नाही.

मी उठले. तोंड उघडणार तेवढ्यात बाबा बोलले. झोपेत नव्हते, चांगले जागे होते. आवाज शांत होता.

"आत्ता नको," म्हणाले. "उद्या या."

मी आत धावले, त्यांना गदागदा हलवलं, काय बोललात हे, परत सांगा तिला, नाही म्हणून सांगा! त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी मागितलं. बाकी काही नाही.

आज सकाळपासून मी त्यांच्या पलंगाशी बसून हे लिहितेय. नवऱ्याला फोन लागत नाही. बाबांनी आंघोळ करून घेतली, स्वच्छ शर्ट मागून घातला, वरचं बटण लावलं.

आत्ता अडीच वाजलेत.