अकरा फोडींचं संत्रं

"ओ मॅडम, किती फूट घेऊन राहिले मग?"

मेघा दचकून वळली. पारशिवनीच्या पुढच्या फाट्यावर बसमधून उतरून ती जरा दम खात उभी होती. खांद्यावरून उतरवलेला कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड रस्त्याच्या कडेला टेकवलेला होता. समोर एक मोटारसायकल थांबली होती आणि मफलरमधून दोन डोळे तिच्याकडे मोठ्या काळजीने बघत होते.

"कसले फूट?"

"रस्ता रुंद करून राहिले ना तुम्ही? मोजणीवाल्या ना? आमच्या शाळेची भिंत जाते का त्याच्यात, तेवढं सांगा फक्त."

मेघाला हसू आवरेना. "मी मोजणीवाली नाही हो. हा कॅमेऱ्याचा स्टँड आहे. शाळेतच आलेय मी... चौथीच्या सरांचा गणिताचा तास चित्रित करायला. नागपूरहून."

"ते सर तं मतदार यादीच्या कामावर गेले. दोन महिने येत नाहीत."

मेघाचा चेहरा असा पडला, की त्या माणसाला आपणच काही गुन्हा केल्यासारखं वाटलं असावं. त्याने घाईघाईने मफलर खाली ओढला. "आता चौथी मीच घेऊन राहिलो. प्रशिक मेश्राम. मी चालत असेन तं... बसा मागं."

चालण्यासारखा होता. हे अर्थात मेघा मनातसुद्धा म्हणाली नाही. ती संशोधक होती.

तिच्या पीएच.डी.चा विषय सांगायला सोपा होता. शिकवताना शिक्षकाच्या डोक्यात काय चाललेलं असतं? पण भर वर्गात त्याला थांबवून विचारणार कसं? म्हणून तास चित्रित करायचा आणि आठवण ताजी असताना त्याच दिवशी त्याला दाखवायचा. तो स्वतः जिथे व्हिडिओ थांबवील तिथे, किंवा आपल्याला थांबवावासा वाटेल तिथे, एवढंच विचारायचं — या क्षणी मनात काय होतं? आता काय वाटतं ते नाही, तेव्हा काय होतं ते. विद्यापीठात या पद्धतीला भलं भारदस्त नाव होतं, आणि तिच्या मार्गदर्शक इंदुताईंचे नियम त्याहून भारदस्त. उत्तर सुचवायचं नाही. वाहवा करायची नाही. समोरचा 'आठवत नाही' म्हणाला, तर तेही मुकाट्याने लिहून घ्यायचं.

पहिल्याच दिवशी शाळा सुटल्यावर दोघं रिकाम्या वर्गात लॅपटॉपसमोर बसले. खोलीत अजून दुपारच्या खिचडीचा वास होता आणि खिडकीतून थंडीतलं पिवळं ऊन बाकांवर आलं होतं.

"बाप्पा! मी असा चालतो? कोणी सांगितलं नाही मले आजवर!"

"सर, चालण्याबद्दल नाही..." मेघाने गंभीर राहण्याचा प्रयत्न केला. "हे बघा. पुढच्या मुलीने हात वर केला होता, तुम्ही खडू मागच्या मुलाला दिलात. त्या क्षणी मनात काय होतं?"

प्रशिक पडद्याकडे बघत राहिला. "त्याची बकरी मेली काल. सकाळपासून तोंडातून शब्द नव्हता. मले माहीत आहे, हातात खडू आला की बोलते तो."

मेघा लिहायचंच विसरली. चाळीस मुलांचा गोंगाट, फळ्यावर अर्धवट गणित... आणि या माणसाच्या डोक्यात एक बकरी होती! माणसाच्या कपाळामागे एवढं सगळं चालतं, आणि बाहेरून दिसतो फक्त एक खडू. तिला आणखी जाणून घ्यायचं होतं. फार फार जाणून घ्यायचं होतं. अभ्यासासाठीच, असं तिने स्वतःला बजावलं.

एकूण सहा तास ठरले होते. दर शनिवारी ती यायची. तिसऱ्या शनिवारपर्यंत फाट्यावर मोटारसायकल आधीच येऊन थांबलेली असायची.

"तुम्ही माझ्या डोक्यात एवढं डोकावून राहिल्या," एकदा तो म्हणाला, "तुमच्या डोक्यात काय असते, ते कोणी विचाराचं?"

"ते नियमात नाही."

"नियम कोणी केले?"

"इंदुताईंनी."

"नंबर द्या. मी बोलतो त्यांच्याशी."

मेघाने वहीत डोकं घातलं. कान मात्र वहीत घालता येत नाहीत, आणि ते चांगलेच लाल झाले होते.

पाचव्या तासाला प्रशिकने 'अर्धा' शिकवायला संत्रं आणलं. सोललं, फोडी वेगळ्या केल्या. "आता याचे दोन सारखे भाग कोण करते?" दीपाली नावाची चिमुरडी पुढे आली, फोडी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, अकरा हाये! तुम्ही संत्रंच चुकीचं आणलं!"

वर्ग खदखदून हसला. प्रशिक हातात फोड धरून तसाच उभा राहिला. नऊ सेकंद. मग म्हणाला, "बरं, मग ही अकरावी फोड कोणाची?" आणि पुढचा अर्धा तास मुलं त्या एका फोडीवर वकिलासारखी भांडली.

"या नऊ सेकंदांत मनात काय होतं?" शाळा सुटल्यावर मेघाने विचारलं.

प्रशिकने तो तुकडा पुन्हा एकदा लावून पाहिला. मग म्हणाला, "मनात आलं... पोरांले अर्धा म्हणजे मोजणं वाटते. पण अर्धा म्हणजे वाटणं. अकरावी फोड कापाव लागते, तेव्हाच अपूर्णांक सुरू होते."

मेघाने त्या उत्तराभोवती चौकट काढली. वर तीन चांदण्या. इंदुताईंनीसुद्धा ध्वनिमुद्रण दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "हेच तुझ्या प्रकरणाचं काळीज आहे. पुढच्या महिन्यातल्या परिसंवादात वाच." सहावा तास पार पडला त्या दिवशी मेघाने ही बातमी प्रशिकला सांगितली, तेव्हा तो का हसला नाही, हे तिला कळलं नाही.

ते कळलं चार दिवसांनी, सदर भागात. प्रशिक अर्ध्या दिवसाची रजा टाकून नागपूरला आला होता. चहाच्या दुकानात बसला, पण ग्लासाला हात लावेना.

"ते संत्र्याचं... तसं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं. ते मले व्हिडिओ पाहून सुचलं. तुम्ही इतक्या आशेनं पाहून राहिल्या होत्या... मले वाटलं, काहीतरी चांगलं द्यावं तुम्हाले. आता तुम्ही सगळ्यांसमोर वाचणार. मले झोप नाही तीन दिवसांपासून."

तीन चांदण्या, चौकट, परिसंवाद... सहा आठवड्यांची मेहनत. "काहून पण?" ती एकदम ओरडली, आणि बाजूच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं. "आठवत नाही म्हणायचं होतं ना! तेवढं पुरत होतं मले!"

"आठवत होतं ना पण. तेच तर सांगता येत नव्हतं."

"काय आठवत होतं?"

प्रशिक ग्लासाकडे बघत बोलला. "तुम्ही कॅमेऱ्यामागं तोंडावर हात ठेवून हसून राहिल्या होत्या. नऊ सेकंद मी तेच पाहून राहिलो होतो. अपूर्णांक-बिपूर्णांक काही नव्हतं डोक्यात."

मेघा उठली. पर्स घेतली, ओढणी खुर्चीत अडकली ती ओढून काढली आणि बाहेर पडली. राग आला होता, खरंच आला होता. आणि त्या रागाच्या आत काहीतरी नाचत होतं, त्याचा तिला आणखी राग आला.

इंदुताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "एक उत्तर बाद कर. बाकीचं राहू दे. सहाही तासांचं साहित्य उत्तम आहे. माणूस स्वतःहून कबूल करायला आला, म्हणजे बाकीची उत्तरं खरीच असणार."

सुटकाच होती ती. कुणी विचारलंही नसतं. मेघा दारापर्यंत गेली आणि परत आली.

"त्यांची उत्तरं खरी असतील, मॅडम. माझेच प्रश्न खरे नाहीत. मी... गरज नसताना त्यांचे व्हिडिओ बघते."

इंदुताईंनी चष्मा काढला. "किती वेळा?"

"मोजले नाहीत."

तो टेबलावर ठेवून त्या उठल्या. मग इंदुताईंनी कपाटातून एक छापील फॉर्म काढला आणि तिच्यासमोर सरकवला. "कारण स्पष्ट लिही," एवढंच म्हणाल्या. पण म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि हसू दाबताना त्यांचे गाल हलत होते.

शनिवारी फाट्यावर मोटारसायकल नव्हती. मेघा चालत शाळेत पोचली तेव्हा मुलं घरी गेली होती आणि प्रशिक फळा पुसत होता. तिला बघून त्याच्या हातातलं डस्टर थांबलं.

"सही हवी होती," तिने फॉर्म पुढे केला. "तुमची माहिती अभ्यासातून वगळायची आहे."

"सगळी? सहाही तास?"

"सहाही. आता सावनेरचे एक सर शोधलेत. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत."

प्रशिकचा चेहरा उतरला. "एका खोट्यापायी तुमचं सहा आठवड्यांचं काम बुडवलं मी..."

"कारण वेगळं आहे. खाली लिहिलंय. वाचा."

तो वर्गात धडा वाचतात तसा मोठ्याने वाचू लागला. "संबंधित शिक्षकांविषयी संशोधकाच्या मनात प्रेमभावना निर्माण झाली असल्याने..." आवाज एकदम खाली आला. पुढची ओळ त्याने मनातच वाचली. मग पुन्हा वरून वाचली. "...त्यांच्याबाबत तटस्थ राहणे संशोधकास शक्य नाही."

बाहेर हापशावर कुणीतरी पाणी भरत होतं.

"हे... कोण कोण वाचते?" त्याने विचारलं.

"इंदुताई. आणि विद्यापीठाच्या संशोधन समितीचे चार जण. परवाच प्रत पोचली त्यांच्याकडे."

"परवा! म्हणजे अख्ख्या विद्यापीठाले माहीत, आन् मले आज सांगून राहिल्या तुम्ही?"

"सहभागीची सही शेवटी असते," मेघा म्हणाली. तिने नजर खाली घेतली नाही.

प्रशिकने खिशातून पेन काढलं. सहीच्या वर एक रिकामी ओळ होती — 'सहभागीचा अभिप्राय, असल्यास'. फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य अक्षरात, सावकाश, त्याने लिहिलं: 'माझीही स्थिती हीच आहे. नोव्हेंबरपासून.' मग सही केली आणि तारीख घातली.

मेघाने वाचलं. डोळे पुसले. "अहो, हे समितीले जाते आता... समजते का तुम्हाले?"

"जाऊ द्या ना," प्रशिक म्हणाला. "लग्नाच्या नोंदणीले साक्षीदार तं पुढंमागं लागतेच."

नागपूरची बस यायला अजून तासभर होता. दोघांनाही तो फार थोडा वाटला.