बारवरचा लाल ठिपका

एक डोळा मिटून धनश्री वजनं उचलायच्या त्या लोखंडी बारकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत होती. तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं.

"त्यात काही सापडलं तर मलेही सांगा."

ती वळली. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा होता. हसू ओठांच्या कोपऱ्यात कसंबसं दाबून धरलेलं. धरमपेठेतलं हे व्यायामाच्या सामानाचं दुकान त्याच्या काकांचं, तो रामटेकचा, घरी धानाची शेती, नाव प्रज्वल... हे सगळं त्याने न विचारताच सांगून टाकलं. न विचारता माहिती देणाऱ्यावर धनश्रीचा भरवसा नसे. विमा कंपनीत ती दवाखान्यांची बिलं तपासायची. दिवसभर लोकांचं खोटं पकडून पकडून तिची नजरच तशी झाली होती. दुधापासून मावशीच्या उपासापर्यंत तिला सगळ्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं.

"भाऊ, तो चमकदार बार दाखवा."

"तो नका घेऊ."

"काहून?"

"नुसती चमक आहे. दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतील. आणि जाड आहे, तुमची बोटं पुरती वळणार नाहीत." त्याने कोपऱ्यातला एक साधा करडा बार काढून तिच्या हातात दिला. "हा धरून पाहा. खरबरीत लागला पाहिजे, पण टोचला नाही पाहिजे. आता टोकाची नळी फिरवा. फिरली ना अलगद? उचलताना मनगटाले झटका बसणार नाही."

नळी खरंच अलगद फिरली. बोटंही पुरती वळली. बार परत घेताना त्याचा हात तिच्या हाताला ओझरता लागला, आणि तो घाईघाईने दुसरीकडेच पाहू लागला.

आता महाग माल नको म्हणणारा दुकानदार कधी पाहिलाय का? यात नक्कीच खोट असणार, म्हणून तर गळ्यात मारतोय! धनश्रीला खात्रीच पटली. पण हाताला तो बार आवडला होता. तिने घेतला.

तिला तो हवाच होता. खुर्चीत बसून बसून तिची कंबर धरली होती, आणि वजनं उचलायला लागल्यावरच ती सुटली होती. आता जिममधली बायकांची बॅच बंद पडली होती. गोळीबार चौकाजवळच्या घरात एक खोली रिकामी होती, 'मागाची खोली'. तिथला हातमाग तिच्या जन्माआधीच मोडीत निघाला, बाबा कळमेश्वरच्या कंपनीत लागले, आणि खोलीला नाव तेवढं उरलं. वर्षानुवर्षं तिथे पडून असलेली गाद्यांची पेटी हलवून धनश्रीने जागा केली.

सरळ बार फरशीवर सरळ गडगडत जातो, हे तिने व्हिडिओत पाहिलं होतं. तिने बार ढकलला. अर्ध्या वाटेत एक टोक थबकलं आणि बार तिरपा झाला. पुन्हा ढकलला. पुन्हा तिथेच, तसाच.

वाकडा निघाला! वाकड्या बारने सुटलेली कंबर पुन्हा धरायची. तिने तडक दुकानात फोन लावला.

"तुमचा बार वाकडा आहे."

"बरं. उद्या न्यायले येतो."

बस्, एवढंच? खरा माणूस असता तर भांडला असता. धनश्रीने नेलपॉलिशची बाटली काढली आणि बारच्या टोकावर एक बारीक लाल ठिपका दिला. पाहूच आता हा काय करतो ते.

तो आला. खोलीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिच्या आईने, वच्छलाबाईंनी, चहा दिला. त्याने चिवड्याची तारीफ केली, दोनदा वाढून घेतला आणि बार घेऊन गेला. तो गेल्यावर धनश्रीच्या ध्यानात आलं की आज आपण त्याला एकदाही भाऊ म्हटलं नाही. तिला स्वतःचाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अवकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. दारात ई-रिक्षा थांबली. प्रज्वल नखशिखांत भिजलेला, आणि त्याचा रेनकोट होता बारच्या अंगावर!

"अरे बाप्पा! तुम्ही भिजले ना!" वच्छलाबाई टॉवेल आणायला धावल्या.

"लोखंड भिजलं की गंजते, काकू. माणूस वाळते."

धनश्री त्याच्याकडे पाहून हसलीच. पण लगेच दुसरा विचार आला: की झाकून आणायचं दुसरंच काही कारण होतं? तिने रेनकोट सोडला, बारचं टोक उजेडात धरलं...

लाल ठिपका.

पैसे काय, परत मागता आले असते. पण काल रात्री झोपताना त्याचं ते दाबलेलं हसू तिला आठवलं होतं, आज ऑफिसात तिने तीनदा घड्याळ पाहिलं होतं. ज्याची वाट पाहिली तोच लबाड निघावा, याचं तिला फार वाईट वाटलं.

"हा तोच बार आहे," ती कशीबशी म्हणाली.

"हो."

"लाज नाही वाटत? बदलून आणला म्हणून—"

"बदलला कुठं म्हटलं मी?" तो केस पुसत म्हणाला. "काकू, लाटणं आहे का?"

वच्छलाबाईंनी गोंधळून लाटणं आणून दिलं. त्याने ते फरशीवर सोडलं. लाटणं गडगडत गेलं, बार जिथे थबकायचा तिथेच थबकलं आणि तिथेच बसलं.

"आता हे पण मीच विकलं का?"

"अवं धनश्री," वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला, "तिथंच तर तुझ्या आबाजीच्या मागाचा खड्डा होता! पाय सोडून बसत त्यात. मागून बुजवला, वर फरशी टाकली... दबली असंन ती."

धनश्रीने वाकून तळहात टेकवला. फरशी खरंच खोलगट होती. इतकी वर्षं वर पेटी होती म्हणून कळलं नव्हतं. तिचे कान तापले. वच्छलाबाई चहा टाकायला आत गेल्या, आणि का कोण जाणे, बराच वेळ आतच राहिल्या.

"म्हणजे तुम्हाले कालच समजलं होतं?"

"शंका होती. रात्री काउंटरच्या काचेवर गडगडवला. सुतासारखा सरळ."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मानलं असतं?"

"...नाही."

"आणि सांगितलं असतं तर..." तो अडखळला. पहिल्यांदाच. "मले आज पुन्हा इथं यायले काय कारण होतं?"

बाहेर भुरभुर चालूच होती. धनश्रीने बार उचलून भिंतीकडच्या पक्क्या फरशीवर ठेवला, मग नेलपॉलिशची बाटली घेतली.

"हात पुढं करा."

"काहून?"

"करा म्हटलं ना."

त्याने हात पुढे केला. ओला, गार. तिने त्याच्या अंगठ्याच्या नखावर एक बारीक लाल ठिपका दिला, आणि वाळेस्तोवर हात सोडला नाही.

"उद्या चहाले यायचं," ती खाली पाहतच म्हणाली. "हाच येतो की दुसरा, ते तपासून पाहीन."

"दुसरा आला तर?"

"परत पाठवीन."

"आणि... हाच आला तर?"

तिने नखावर हळूच फुंकर घातली.

"तर ठेवून घेईन."