तळ्यावरची साय

पद्मनाभांना दुधावरच्या सायीची किळस होती. चहात सायीचा एवढासा तुकडा तरंगताना दिसला, तरी ते अख्खा कप मोरीत ओतून येत. मुलगी सिद्धी याबाबतीत बापाचंच नाक घेऊन जन्मली होती. लहानपणी तिला दूध तीनदा गाळून द्यावं लागे. म्हणूनच त्या रविवारी, शहराबाहेर के. आर. पुरमच्या पलीकडे तिच्या नव्या घरात, तिने वाटीतली जाड, पिवळट साय बोटाने उचलून तोंडात टाकली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं.

"हे काय, सिद्धी?"

"डोहाळे, अण्णा. मला काय हौस आहे होय? दुसरं काही घशाखाली उतरतच नाही." सकाळच्या उपम्याला ती शिवलीही नव्हती.

ते तिला न्यायला आले होते. सातवा सरला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, चामराजपेटेतच व्हायचं, हे ठरलेलं. पण सिद्धीचा पाय निघेना. घराच्या गच्चीवरून समोरचं तळं दिसे. खाली पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पलीकडच्या काठाला नारळी. दिवसभर ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघत बसे. "अजून आठ दिवस राहू दे की, अण्णा," एवढंच तिचं पालुपद.

जावई सुशांत पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याने कंपनीतून दोन डिजिटल कॅमेरे आणले होते. एक तीन वर्षांपूर्वीचा, दुसरा याच वर्षीचा, नव्व्याण्णवचा. निसर्गदृश्यांसाठी कोणता बरा, हे त्याला ठरवायचं होतं. सासऱ्यांचा जन्म कॅलेंडरांसाठी डोंगर आणि धबधबे टिपण्यात गेला होता, तेव्हा घरचाच परीक्षक मिळाला म्हणून स्वारी खूश होती.

"रेझोल्यूशनमधला डिफरन्स बघा फक्त, अण्णा. तुम्ही फिल्म विसराल!"

पद्मनाभांनी नाक मुरडलं. फिल्मच नाही तो कसला कॅमेरा? दुधाची तहान ताकावर भागवायची झालं. पण गप्प बसण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी स्वतःच गच्चीवर तिपाई लावली, चौकट ठरवली. तेच तळं, तोच काठ. आधी जुन्याने टिपलं, लगेच नव्याने.

फोटो गच्चीलगतच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बघायचे. ते यंत्र म्हणजे गोगलगायीचा भाऊबंद. चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरे.

जुन्या कॅमेऱ्याचं चित्र उतरलं. आभाळ. नारळींच्या जागी हिरवे ठोकळे. पलीकडचा काठ. आणि काठालगत, पाण्यावर, चार करडे चौकोन.

"डोशाची बोटं भिंगाला लावलीत, सुशांतराव."

"अहो, नाही लावली!"

मग नव्या कॅमेऱ्याचं. झावळ्यांची पातीन् पाती वेगळी दिसत होती. पद्मनाभ मनातल्या मनात कौतुक करणार, तोच पाणी उतरलं. करडा डाग आता काठालगत नव्हता. तळ्याच्या मधोमध होता. आणि चौकोन नव्हते. पाण्यावर एक जाड, पिवळट कातडं पसरलं होतं. त्याला सुरकुत्या होत्या. सुरकुत्यांत लांब ओले केस गुंतलेले होते. अलीकडची कड गोळा झाली होती, बोटाने साय सरकवावी तशी.

पद्मनाभांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. ते तडक गच्चीवर गेले. तळं निवांत होतं. पाण्यावर एक पानही नव्हतं. वास मात्र येत होता, नासलेलं दूध तापवल्यासारखा. आणि सिद्धी कठड्याला टेकून तो वास छातीभर ओढून घेत होती.

"शेवाळ असेल, अण्णा," सुशांत आतून म्हणाला. "नाहीतर सेन्सरचा प्रॉब्लेम."

"दोन्ही यंत्रांना एकच रोग? परत काढा."

नव्यानेच परत काढला. चित्र उतरलं. पलीकडचा काठ स्वच्छ. मधलं पाणी स्वच्छ. अगदी खाली, चित्राच्या कडेला पायऱ्या होत्या. ते तिथे होतं. त्याची दुमडलेली कड पाण्याबाहेर, वरच्या पायरीवर टेकली होती.

"सिद्धी," पद्मनाभांनी हाक मारली. "बॅग भर. आत्ताच निघायचं."

आता रडारड होणार, अशी त्यांची खात्री होती.

"सरी, निघू या, अण्णा," ती गच्चीवरूनच म्हणाली. "स्वल्प थांब. आलेच."

केवढं हायसं वाटलं त्यांना! सुशांतचा चेहरा उतरला होता. आता बायको तीन-चार महिने दिसायची नाही. तळ्याच्या पार्श्वभूमीवर तिचा एक फोटो तरी हवा, म्हणून त्याने नवा कॅमेरा उचलला. त्याचे सेल संपले होते. नव्याचे नऊ दिवसही भरले नाहीत, असं पद्मनाभ पुटपुटले. सुशांतने जुन्यानेच टिपलं. सिद्धी कठड्यापाशी, पाठीमागे तळं.

चित्र उतरू लागलं.

आभाळ. नारळी. काठ.

पाणी. या काठापासून त्या काठापर्यंत स्वच्छ. कुठे डागसुद्धा नाही. पद्मनाभांनी रोखलेला श्वास सोडला.

सिद्धीचा भांग उतरला. कपाळ. नाक.

ओठांशी चार करडे चौकोन.

हनुवटीवर आणखी दोन.

"सेल... सेल आहेत माझ्याकडे," सुशांत खण उचकू लागला. "नव्याने काढू. म्हणजे नक्की काय ते कळेल."

पद्मनाभांनी त्याचं मनगट धरलं. आयुष्यभर त्यांनी रेखीव चित्रासाठी जीव टाकला होता. आज त्यांना ते नको होतं.

"नको."

सिद्धी बॅग घेऊन दारात उभी राहिली. गाल तुकतुकीत दिसत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून पद्मनाभांनी टेबलावरची सायीची वाटी उचलली. हात लावतानाही त्यांना शिसारी आली, तरी ती लेकीपुढे धरली.

"एवढी खाऊन घे. सकाळपासून उपाशी आहेस."

सिद्धीने वाटीत पाहिलं आणि नाक मुरडलं, अगदी लहानपणीसारखं.

"शी! नको, अण्णा," ती पदराने ओठ पुसत म्हणाली. "पोट भरलंय माझं."