गावांच्या यादीतली दोनशे बारा नावं

धरमपेठेतल्या आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत रविंद्र भोयर आला, तो माझं काम बंद पाडूनच. १९८९ चा ऑगस्ट होता. संगणकावरचा जुना प्रोग्राम काढून नवा बसवायला कंपनीनं त्याला पाठवलं होतं. पठ्ठ्यानं जुन्या प्रोग्रामबरोबर छपाईची फाइलही काढून टाकली आणि माझा पत्रांचा प्रोग्राम ठप्प झाला!

"ती काहून काढली तुम्ही?" मी तडकलेच. "पत्रंबी तिच्यावरच छापून राहिले ना!"

"काढायच्या फाइलींच्या यादीत होती... म्हणून काढली."

"दोघा भावांची सामाईक विहीर एक भाऊ गाव सोडून गेला म्हणून बुजवते का कोणी?"

तो हसला. चूक दाखवल्यावर हसणारी माणसं मला आवडत नाहीत. पण यानं लगेच टेपवरून फाइल परत आणली, आणि त्यानंतर प्रत्येक फाइलीचं नाव मोठ्यानं वाचून विचारू लागला, "ही आणखी कोणाच्या कामाची आहे का, जयवंताबाई?"

दिवसभर तेच. तो वाचायचा, मी सांगायची. मधेच त्याची नजर पडद्यावरून माझ्याकडे वळायची... आणि मी उगाच कागद चाळायची.

चौथ्या दिवशी तो वाचता वाचता थांबला. संगणक विचारत होता — ही फाइल मूळच्यापेक्षा बदललेली आहे, ठेवायची की काढायची?

गावांची यादी.

कंपनीच्या यादीत फक्त मोठी गावं होती. टोल्या-वस्त्यांवरच्या शेतकऱ्यांचे अहवाल अपुऱ्या पत्त्यामुळे टपालातून परत यायचे, तोवर पेरणी उरकलेली असायची. आठ महिने बसून मी त्या यादीत दोनशे बारा वस्त्या भरल्या होत्या. ऑपरेटरनं फाइलींना हात लावायची सक्त मनाई होती, आणि मी तर तात्पुरती ऑपरेटर.

"नव्या यादीत या वस्त्यांतलं एकही नाव नाही," तो हळूच म्हणाला. "कोणी केलं हे? मले रिपोर्टात लिहा लागते."

मी पुन्हा कागद चाळायला लागले. त्याला कळायचं ते कळलं.

"मी माझं नाव टाकतो. मले कंपनी दोन शब्द बोलेल, बस्स. तुमची नोकरी जाईल."

मन भरून आलं माझं, खोटं कशाला सांगू? आणि त्याच क्षणी रागही आला.

"नाही. काम माझं आहे. नाव माझंच लिहा."

"जयवंता..." पहिल्यांदाच तो 'बाई' विसरला.

"लिहा!"

त्यानं लिहिलं. खाली जोडलं, की मूळ यादी अपुरी होती, ही दुरुस्त यादीच ठेवावी. मग नव्या यादीत वाढलेली गावं त्यानं वाचली आणि मी ती माझ्या यादीत भरली. कळफलकावर एकदा हाताला हात लागला. कोणीच लवकर काढला नाही.

आमचे साहेब महादेवराव यांनी रिपोर्ट वाचून मला बोलावलं.

"कोणाले विचारून केलं?"

"कोणालेच नाही."

"यादी राहू द्या," ते रिपोर्टावर सही करत म्हणाले. "तुम्ही मात्र महिनाअखेरपर्यंतच."

शेवटच्या दिवशी मी फाटकाबाहेर आले, तर रविंद्र सायकल धरून उभा. रिपरिप पावसात कधीचा भिजत होता, कोण जाणे.

"माझ्या लिहिण्यानं झालं हे."

"माझ्या सांगण्यानं झालं. मले त्याचा पस्तावा नाही."

"मग... तुमच्या घरी येऊ का? बाबांले विचाराचं आहे."

"काय?"

"तेच... लग्नाचं."

"बाबांले मागून. आधी मले विचारा!"

तो गोंधळला. सायकल स्टँडवर लावली, कपाळावरचं पाणी पुसलं.

"जयवंता, माझ्याशी लग्न करशील?"

"हो," मी म्हटलं. आणि पंधरा दिवस दाबून ठेवलेलं नोकरीचं रडू मला तिथं, त्याच्यासमोर आलं.