आधी नजर कोण वळवतं

प्रयोगाला माणूस कमी पडत होता. वॉटफर्डच्या त्या कॉलेजात कॅन्टीनबाहेर दोन खुर्च्या समोरासमोर मांडून अक्षरा सकाळपासून बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गळ घालत होती. सायकॉलॉजीच्या वर्गात प्रत्येकाने स्वतःचा एक छोटा प्रयोग करून दाखवायचा होता. तिला हव्या होत्या एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या जोड्या. बऱ्याच मिळाल्या, शेवटची मात्र मिळेना.

तेवढ्यात बाहेरच्या भुरभुर पावसातून एक उंच मुलगा आत आला. खांद्यावरचं केबलचं वेटोळं त्याने खाली टाकलं, कुणाला न विचारता तिच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि डबा उघडला. अक्षरा त्याला उठवणारच होती. पण डब्यातून जो वास आला, तो इंग्रजीत रागवण्यासारखा नव्हता.

"थालीपीठ आहे का ते?" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याने मान वर केली. केसांतून पाणी ठिबकत होतं, पापण्यांवर भिंतीची पांढरी धूळ होती. "हो. हवंय?"

"नंतर. यू आर सिटिंग इन माय एक्सपेरिमेंट."

तो समर. एजवेअरचा, इथेच जन्मलेला, आणि याच कॉलेजात मागच्या इमारतीत इलेक्ट्रिशियनचं काम शिकणारा. अक्षराने त्याला नियम समजावले. ही स्मरणशक्तीची चाचणी आहे, समोरच्या अनोळखी माणसाकडे गजर वाजेपर्यंत न बोलता बघत राहायचं, मग काही शब्द आठवून सांगायचे. आणि नको वाटलं तर कधीही उठून जायचं, कारण द्यायची गरज नाही.

"कारण न देता? एवढी फ्रीडम तर माझ्या आईने पण कधी दिला नाही," तो म्हणाला. त्याचं मराठी असंच होतं, आत्मविश्वास भरपूर आणि व्याकरण जेमतेम. "पण समोरचा माणूस कुठे आहे?"

समोरचा माणूस नव्हताच. कॅन्टीन रिकामं झालं होतं, आणि उद्या निकाल दाखवायचा होता. अक्षराने एकदा इकडेतिकडे पाहिलं, गजर लावला, आणि स्वतःच त्याच्या समोर बसली.

आता एखाद्याकडे नुसतं बघत राहणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून पाहावं. सुरुवातीला दोघांना हसू आलं. मग हसू विरलं. कुठेतरी ट्रेवर ट्रे आपटत होते, काचेवर पाऊस टिकटिकत होता, आणि समोरचे ते तपकिरी डोळे हलायला तयार नव्हते. त्यांच्यात आव्हान नव्हतं. नुसतं कुतूहल होतं, आणि तेच जड जात होतं. अक्षराचे कान तापले. तिने नजर वळवली आणि फायर एक्झिटच्या पाटीकडे अशी बघत बसली, जणू कॉलेजला आगच लागली आहे.

गजर वाजला. "ओके," ती घसा साफ करत म्हणाली. "आता डीब्रीफ. ही मेमरी टेस्ट नव्हती. आधी नजर कोण वळवतं, आणि नंतर तो माणूस आपल्याला आवडायला लागतो का, हे बघायचं होतं."

"म्हणजे खोटं बोललीस."

"थोडा वेळ चालतं. पण माणूस उठून जायच्या आत त्याला खरं सांगावंच लागतं. तो नियम आहे."

"छान नियम आहे." त्याने थालीपीठाचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरला. "मग... आधी कोणी वळवली?"

"...मी."

"जस्ट चेकिंग," तो म्हणाला आणि केबल उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शिक्षिका नीनाने ती जोडी बाद केली. प्रयोग करणारीच प्रयोगात बसली तर त्याला काय अर्थ, असं तिने हसत विचारलं, आणि अक्षराने निमूट मान डोलावली. अर्थ नव्हता हे तिला कळत होतं. तरी दुपारी ती कॅन्टीनच्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसली, आणि समरही आला.

मग तो रोज येऊ लागला. तिच्या कॉफीत साखर किती हे त्याला न विचारता कळलं. मागच्या इमारतीतून येताना तो आधी हात धुतो, मग आरशात बघतो, मग येतो, हे तिलाही कळलं. बोलायला विषय लागत नव्हते. समर आधी ब्रॅकनेलला एका आयटी ऑफिसात नोकरीला होता. वडीलही आयटीतले, त्यामुळे रस्ता आखलेलाच. एके दिवशी ऑफिसातले दिवे गेले. सगळे चहा प्यायला गेले, आणि हा मात्र दिवे दुरुस्त करायला आलेल्या बाईच्या मागे मागे फिरत राहिला. पुढच्या महिन्यात राजीनामा. घरी आठवडाभर सुतक, असं तो म्हणाला. मग एक दिवस आईने त्याच्याकडून स्वयंपाकघरातले दिवे बदलून घेतले आणि तेव्हापासून ती सांगत सुटली.

"कोणाला?"

"सगळ्यांना. बस ड्रायव्हरला पण. माझा मुलगा इलेक्ट्रिशियन आहे, म्हणते. आता तुझी सांग."

अक्षरा म्हणाली, मी आधी दुसरीकडे शिकत होते, ते सोडलं. आणि विषय बदलला.

ते "दुसरीकडे" म्हणजे मेडिसिन. आई डॉक्टर प्रमोदिनी, बाबा डॉक्टर शशी, आणि मुलगी दुसरं वर्ष चांगल्या मार्कांनी पास होऊन बाहेर पडलेली. नापास झाली असती तर निदान दया आली असती लोकांना. वॉर्डात तिला शिकवणीसाठी पाठवलं की ती रक्तदाब मोजायचा सोडून पेशंटशेजारी बसून राहायची. या आजींना जेवायचं का नसतं, हे आजोबा मुलाचं नाव निघालं की भिंतीकडे तोंड का करतात, हेच तिला जाणून घ्यायचं असे. म्हणून तिने गावातल्या या साध्या कॉलेजात एक वर्षाचा कोर्स धरला. तो झाला की सायकॉलॉजीच्या पदवीला जाता येणार होतं. वर्गात दोन मुलांची आई होती, निवृत्त पोस्टमन होता, आणि अक्षरा आयुष्यात पहिल्यांदा हात वर करून प्रश्न विचारत होती.

आईने मात्र इथल्या मराठी मंडळात कुणाला काही कळू दिलं नव्हतं. एक वर्ष जाऊ दे, ही परत जाईलच, असं तिचं म्हणणं. कुणी विचारलं की ती सांगायची, अक्षराचं मेडिसिन मजेत चाललंय. अक्षराने एकदोनदा वाद घातला, मग तोंड मिटलं. आणि समरला हे सांगायचं म्हणजे, माझ्या घरी माझी लाज वाटते, हे सांगायचं. तेवढं तिच्या जिभेवर येत नव्हतं.

जानेवारीत मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम आला. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. आईने आर्जवाने काळी साडी नेसवली, आणि गाडीत बसल्यावर हळूच सांगितलं, की यंदाच्या गुणगौरवात तुझं नाव दिलंय. मंडळात दरवर्षी ही प्रथा होती. मेडिसिनला गेलेल्या एका मुलाला नाहीतर मुलीला स्टेजवर बोलवायचं, शाल द्यायची, आणि तिथे प्रवेश कसा मिळवायचा हे लहान मुलांना तिच्या तोंडून ऐकवायचं.

"आई, मी तिथे नाहीये आता."

"दोन मिनिटांचं काम आहे," आई म्हणाली. बाबा गाडी चालवत राहिले.

हॉलमध्ये शिरता शिरता अक्षराला शिडी दिसली. स्टेजवरचे दिवे लावायला मंडळाने कुणाच्या तरी ओळखीचा मुलगा बोलावला होता. तो शिडीवरून उतरला, वळला, आणि काळ्या साडीतल्या अक्षराला बघून त्याचा सगळा चेहरा उजळला.

"अक्षरा! तू इथे?"

आईने चमकून विचारलं, "तू ओळखतोस हिला? कुठे भेटलात?"

कुठे भेटलात. या एका प्रश्नाच्या मागे कॉलेज होतं, कॅन्टीन होतं, सगळंच होतं. तिळगुळाची ताटं घेऊन शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी कान टवकारले.

"मला नाही वाटत आपण भेटलोय," ती म्हणाली.

समर तिच्याकडे बघत राहिला, क्षणभरच. मग त्याने नजर वळवली. "सॉरी, माझी चूक झाला," असं आईला म्हणून तो पुन्हा शिडी चढला.

इतक्या महिन्यांत त्याने कधी आधी नजर वळवली नव्हती. अक्षरा खुर्चीत बसली ती सुन्न होऊन. भाषणं झाली, छोट्यांची गाणी झाली. तिच्या डोक्यात एकच फिरत होतं. ज्याने आपल्यापासून काही लपवलं नाही त्यालाच आपण ओळख नाकारली, आणि तीही ज्या खोट्यासाठी, ते आपलं नव्हतंच. आईचं होतं. आपण नुसतं त्या खोट्यावर शाल पांघरायला आलो होतो.

"आणि आता आपली अक्षरा," अतुलकाका माइकवर म्हणाले. सूत्रसंचालन दरवर्षी तेच करत. "भावी डॉक्टर."

टाळ्या झाल्या. ती स्टेजवर गेली, खांद्यावर शाल पडली, हातात माइक आला. समोरच्या दिव्यांमुळे काही दिसत नव्हतं. बाजूला बटणांपाशी उभा असलेला समर तेवढा दिसत होता, आणि तो जमिनीकडे बघत होता.

"काकांनी सांगितलं ते गेल्या उन्हाळ्यापर्यंत खरं होतं," ती म्हणाली. "मग मी मेडिसिन सोडलं. नापास झाले नाही, मला नको होतं म्हणून सोडलं. मी इथल्याच कॉलेजात सायकॉलॉजी शिकते, आणि मला ते खूप आवडतं. मेडिसिनला कसं जायचं ते आज मी नाही सांगणार. पण कुणाला जायचं नसेल आणि घरी बोलायची भीती वाटत असेल, तर मला येऊन भेटा."

मागच्या रांगेत कुणीतरी पोरगं फस्सकन हसलं. पुढच्या रांगेत मात्र सगळं चिडीचूप. अक्षराने शाल काढून घडी केली आणि काकांच्या हातात दिली.

"अजून एक. मघाशी एका माणसाला मी ओळखत नाही म्हणाले. ते खोटं होतं. मी त्याला ओळखते. चांगली ओळखते."

स्टेजवरून उतरल्यावर आईने तिला हॉलच्या स्वयंपाकघरात गाठलं. तिने सुनावलं, या देशात आले तेव्हा कुणी धड नावाने हाक मारत नव्हतं, नाइट शिफ्टवर नाइट शिफ्ट केल्या, तेव्हा कुठे चार लोकांत मान मिळाला. आणि तो आज मुलीने माइकवरून उधळला.

"घरात बोलायच्या गोष्टी या, अक्षरा."

"घरात बोलले होते, आई. तू ऐकलं नाहीस."

"तुला परत जायला दार उघडं राहावं म्हणून सांगितलं मी लोकांना. तुझ्यासाठी."

"मला माहितेय," अक्षरा म्हणाली. तिला आईची कीव आली, मायाही दाटून आली, आणि तरी ती हटली नाही. "पण मला ते दार नकोय. तू माझ्या कॉलेजबद्दल कुणाला सांगितलं नाहीस तरी चालेल. खोटं मात्र सांगू नकोस, आणि माझ्याकडून वदवून घेऊ नकोस."

आई पदराने डोळे टिपत बाहेर गेली. दारात बाबा उभे होते, हातात अक्षराचा कोट घेऊन. किती ऐकलं होतं कोण जाणे. कोट तिच्या खांद्यांवर घालून ते म्हणाले, "बाहेर थंडी आहे." आणि जरा थांबून, "आईला मी घरी नेतो. तू ये सावकाश."

कार पार्कमध्ये भुरभुर पाऊस पडत होता. समर व्हॅनच्या टपावर शिडी बांधत होता. साडीच्या निऱ्या मुठीत धरून, चिखल चुकवत अक्षरा त्याच्यापाशी गेली.

"लिफ्ट हवीये?" त्याने दोरीकडे बघतच विचारलं.

"नाही. डीब्रीफ करायचंय. माणूस उठून जायच्या आत खरं सांगावं लागतं."

त्याचे हात थांबले.

"मी काय सोडून आले ते तुला सांगितलं नाही. तुझी आई बस ड्रायव्हरला सांगते आणि माझी... म्हणून. मला लाज वाटली. कॉलेजची नाही, तुझी तर नाहीच. आणि आज तुला ओळखत नाही म्हणाले, ते मी आजवर केलेलं सगळ्यात वाईट काम आहे. एवढं खरं."

"आणि तो पहिला प्रयोग?" तो अजून वळला नव्हता. "त्याचा रिझल्ट काय आला? नंतर तो माणूस आवडायला लागतो का?"

"नीनाने आपली जोडी बाद केली."

"मी नीनाला नाही विचारला."

पाऊस तिच्या पापण्यांवर साचत होता. पुसायला तिने हात उचलला नाही. "लागतो," ती म्हणाली. "मला तू आवडतोस, समर. खूप. आणि तुला नको असेल तर आत्ता गाडीत बसून जा. कारण द्यायची गरज नाही."

तो वळला. व्हॅनची किल्ली त्याने खिशात टाकली, मागचं दार उघडलं आणि केबलच्या वेटोळ्यांमधली थोडी जागा हाताने साफ केली. ती बसली, तोही समोर उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. हॉलच्या खिडकीतून दोनतीन काकू अगदी निवांत त्यांच्याकडे बघत होत्या. अक्षराला ते दिसलं, तिने त्यांना हात केला, आणि मग पुन्हा समरच्या डोळ्यांत पाहिलं.

या वेळी नजर कुणीच वळवली नाही. गजर लावायची आठवण दोघांनाही राहिली नव्हती.