पुकापुकाला जायची तयारी

"पुकापुकाचं जहाज कधी सुटतं?"

वाइलोआने मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता. पावसाने शर्ट अंगाला चिकटलेला, आणि हातातल्या हेल्मेटमधून पाणी त्याच्याच पायावर ठिबकत होतं.

"सुटतं तेव्हा सुटतं," ती म्हणाली.

"म्हणजे या आठवड्यात?"

"या वर्षात नक्की."

रारोटोंगा बेटाच्या धक्क्यावरच्या, जहाजाच्या जागा देणाऱ्या त्या एका खोलीच्या कचेरीत येणारी माणसं या उत्तरावर सहसा चिडत. हा हसला, स्टूल ओढून बसला आणि भिजलेल्या खिशातून वही काढली. नाव नूरोआ. सौर पॅनेल बसवण्याचं काम करायचा. पुकापुका या दूरच्या छोट्या बेटावरच्या शाळेतली आणि दवाखान्यातली पॅनेलं एकेक करून बंद पडत चालली होती, ती दुरुस्त करायला निघाला होता. एकदा तिथे उतरलं की पुढचं जहाज येईपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, परतायची सोय नाही. बरोबर काय न्यायचं, हे विचारायचं होतं त्याला.

"तुम्ही कधी गेलाय तिकडे?"

"मी तिथलीच आहे," वाइलोआ म्हणाली, आणि उगाचच टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

जहाज त्या आठवड्यात सुटलं नाही. इंजिनाचा एक भाग ऑकलंडहून यायचा होता. नूरोआ मात्र रोज यायला लागला. रोज एक नवा प्रश्न घेऊन. ती सांगत जायची — तांदूळ, पीठ, मासे धरायचे गळ, सुईदोरा, आणि चर्चसाठी एक पांढरा शर्ट. रविवारी समुद्रात उतरायचं नाही. नारळ कुणाच्या झाडाचा आहे हे विचारल्याशिवाय उचलायचा नाही. गावागावांत क्रिकेट होतं, त्यात खेळावंच लागतं. आऊट झालं की समोरचं अख्खं गाव तोंडासमोर येऊन नाचतं.

"आणि मी पहिल्याच चेंडूवर आऊट झालो तर?"

"मग जास्त वेळ नाचतात. बायका तर तुमची नक्कलही करतात."

"माझी नक्कल करण्यासारखं काय आहे?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "मान तिरकी करून बोलता," ती म्हणाली, आणि त्याने मान लगेच सरळ केली.

दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. शनिवारी ती त्याला बाजारात घेऊन गेली, गळ निवडून द्यायला. नारळाच्या दुधात कालवलेला कच्चा मासा एकाच वाडग्यातून खाताना त्याने विचारलं, की ती स्वतः शेवटची कधी गेली होती?

"इथे आल्यापासून गेलेच नाही. पंधरा वर्षं झाली."

त्याचा हात तिथेच थांबला. मग तिने सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वडिलांनी, लेवींनी, तिला शिकायला इथे मावशीकडे पाठवलं. त्या बेटाला बंदर नाही. जहाज रीफच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेर थांबतं आणि नावेतून जावं लागतं. वडिलांनी तिला उचलून नावेत बसवलं, पाठ फिरवली आणि गावाकडे चालू लागले. एकदासुद्धा वळून पाहिलं नाही. आता दर रविवारी चर्च सुटलं की ती फोन करते. वारा कसा आहे, टारोच्या कंदांचं पीक कसं आहे, खोकला कसा आहे. तीन मिनिटं. ते कधी ये म्हणाले नाहीत. तिनेही कधी येऊ का, असं विचारलं नाही.

नूरोआने तिची समजूत घातली नाही. फक्त वाडगा तिच्याकडे सरकवला. शेवटचा घास तिच्यासाठी ठेवला होता.

इंजिनाचा भाग आला. जहाज गुरुवारी दुपारी सुटणार, असं ठरलं. ही बातमी आपणच त्याला द्यायची, आणि हसऱ्या चेहऱ्याने द्यायची, असं तिने तीनदा ठरवलं. दिली तेव्हा आवाज भलतीकडेच गेला.

त्या रविवारी फोन करताना तो शेजारी होता. लेवींच्याच घरी तो उतरणार होता, म्हणून आधी तो बोलला. वाट कशी, पाणी कुठलं, असंच काहीबाही. मग फोन तिच्या हातात आला.

"पोरगा बरा वाटतो," लेवी म्हणाले. "तुझा कोण?"

नूरोआ चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण ऐकू गेलं असावं; त्याचे कान लाल झाले होते. आणि कशाने कोण जाणे, पंधरा वर्षं न विचारलेला प्रश्न बाहेर पडला.

"पापा, त्या दिवशी तुम्ही वळून का नाही पाहिलंत?"

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत राहिला. मग लेवी खोकले.

"वळलो असतो तर तुला नावेतून उतरवून घेतलं असतं, बाळा. मग तुझी शाळा राहिली असती." थोडं थांबून म्हणाले, "संध्याकाळी आलो होतो परत. रीफपर्यंत. तोवर जहाज निघून गेलं होतं."

सोमवारी सकाळी ती कचेरीत धावतच आली आणि स्वतःसाठी जागा शोधायला प्रवाशांची यादी उघडली. बारा जागा. बाराही भरलेल्या. शेवटची जागा तिनेच शनिवारी एका आजीबाईंना दिली होती, नातीच्या लग्नासाठी. कॅप्टनला विचारलं. तो नाही म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

नूरोआ आला, त्याने सगळं ऐकलं आणि लगेच म्हणाला, "माझ्या जागेवर तू जा. मी पुढच्या जहाजाने येतो."

तिला हो म्हणावंसं वाटलं. किती वाटलं, ते तिचं तिलाच माहीत. पण दवाखान्याचा फ्रीज त्याच पॅनेलांवर चालत होता, आणि त्यात पोरांच्या लशी होत्या.

"तूच जा," ती म्हणाली. "मी पंधरा वर्षं थांबले. अजून चार महिने थांबेन."

"मला नाही जमणार चार महिने."

"जमेल. क्रिकेट खेळ."

गुरुवारी धक्क्यावर गर्दी होती. चटया, डबे, खोकी, पिंजऱ्यातली डुकराची पिल्लं. वाइलोआने त्याच्या गळ्यात चाफ्याचा हार घातला. हात काढून घ्यायला तिला जरा उशीर झाला, आणि त्यानेही घाई केली नाही.

"पुढच्या जहाजाने येशील ना?" त्याने विचारलं.

"पापांसाठी येईन."

"फक्त पापांसाठी?"

ती खाली पाहत राहिली. "रीफवर मला उतरवून घ्यायला कोण येतं… त्यावर आहे."

"मी येईन. पोहत येईन."

"पोहत नको. लाटा वाईट असतात तिथल्या. नाव घेऊन ये." मग अगदी हळू म्हणाली, "पण ये. मला तू हवा आहेस, नूरोआ."

त्याने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. भोंगा वाजला तरी तसाच उभा राहिला; शेवटी कुणीतरी शिडीवरून हाक मारली तेव्हा गेला. उलट्या पावलांनी चालत गेला, सारखा तिच्याकडे पाहत, आणि एका खोक्याला अडखळला.

जहाज बाहेर पडलं. आधी माणसं दिसेनाशी झाली, मग रंग, मग नुसता एक ठिपका. पाऊस आला, तरी वाइलोआ हलली नाही. शेजारी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "नवरा का गं तुझा?"

तिने ओल्या तळव्याने चेहरा पुसला.

"मी पोचले की होईल," ती म्हणाली.